सासूबाईंच्या डब्याची मॅच

सिंगापुरात, तोआ पायोहच्या ऑफिसात माझा एक चिनी मॅनेजर होता. नोव्हेंबरच्या शेवटी एका शुक्रवारी हिंदूंचा मोठा सण असतो, अशी त्याची पक्की समजूत होती. चूक त्याची नव्हती. गुरुवारी मी हिरव्या बांगड्या भरून ऑफिसला जायची, शुक्रवारी रजा टाकायची आणि सोमवारी एकतर हवेत तरंगत यायची, नाहीतर सुतकी चेहऱ्याने. गुरुवारी संध्याकाळी तो आठवणीने माझ्या टेबलापाशी थांबायचा. "टुमॉरो युअर फेस्टिव्हल, राइट? एन्जॉय, लाह." तिथल्या इंग्रजीत वाक्याला असं 'लाह'-'मेह'चं शेपूट लागतंच. मी थँक्यू म्हणायची.

खरं सांगायची सोय नव्हती. अमेरिकेतल्या दोन कॉलेजांची पोरं त्या दिवशी एका लांबट चेंडूसाठी एकमेकांना आडवी करतात आणि ते बघत भांडायला मी नणंदेच्या घरी जाते, हे कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांच्याकडे गुरुवारची संध्याकाळ असायची तेव्हा आमच्याकडे शुक्रवारचे सकाळचे नऊ वाजलेले असायचे. भांडायला वेळ अगदी सोयीची. पोट भरलेलं, डोकं ताजं.

नणंद म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. मी त्यांना ताई म्हणते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, मरीन परेडच्या कॉन्डोत, म्हणजे स्विमिंग पूलवाल्या बड्या सोसायटीत राहणाऱ्या, आणि शिकलेल्या कुठे, तर त्या राज्याच्या राजधानीतल्या बड्या, श्रीमंत, नाक वर करून चालणाऱ्या विद्यापीठात. मी त्याच राज्यात, गाडीने दोन तासांवर, चहूबाजूंनी शेतं असलेल्या दुसऱ्या विद्यापीठात शिकले. ताईंच्या विद्यापीठातले लोक आमच्या विद्यापीठाला 'शेतकी शाळा' म्हणत. आमच्यातले लोक त्यांच्याबद्दल काय म्हणत ते इथे लिहिण्याजोगं नाही. त्यांचा रंग जांभळा, आमचा हिरवा. हे वैर आमच्या दोघींच्या आज्या जन्मायच्या आधीपासूनचं.

ताईंची नि माझी पहिली भेट माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात झाली, पुण्यात, आमच्या घरी. ताई मुद्दाम सिंगापूरहून आल्या होत्या. पत्रिका जुळली होती, मुलगा मरीन इंजिनीअर होता, सगळं छान चाललं होतं. ताईंनी विचारलं, "एम. एस. कुठून केलंस?" मी सांगितलं. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अरेरे."

माझ्या आईचा चेहरा पडला. तिला वाटलं, मुलीच्या शिक्षणात काहीतरी खोट निघाली. मी विचारलं, "तुम्ही कुठल्या?" त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "तरीच." आणि मग आम्ही दोघी आदल्या वर्षीच्या मॅचमधल्या एका निर्णयावरून जे सुरू झालो, ते तासाभराने थांबलो. मुलाशी माझं जेमतेम दहा वाक्यं बोलणं झालं. माझ्याशी भांडता यावं म्हणून ताईनेच हे लग्न जमवलं, असं नवरा अजून म्हणतो आणि मी ते खोडून काढत नाही.

आता कुणी विचारेल, सदाशिव पेठेतल्या मुलीला या खेळाचं वेड कसं लागलं? तर विद्यार्थिनी असताना स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विकायचं काम मिळालं म्हणून. पहिल्या दिवशी मला एवढंच कळलं, की फुटबॉल हे नाव आहे पण चेंडू सगळे हातात घेऊन पळतात. दुसऱ्या महिन्यात नियम कळले. वर्गात तोंड उघडायला घाबरणारी मी, सेमिस्टर संपता संपता शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडून किंचाळत होते. घरापासून इतक्या लांब 'आम्ही' म्हणावं असं काहीतरी मला तिथे पहिल्यांदा मिळालं. त्या 'आम्ही'मधला एकही खेळाडू मला ओळखत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

लग्नानंतर मी तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये आले. नवरा जहाजावर. चार महिने समुद्रात, दोन महिने घरी, पुन्हा समुद्रात. पहिल्याच नोव्हेंबरात ताईंचा फोन आला. "शुक्रवारी सकाळी ये. मॅच एकटीने बघायची नसते." मी त्या दिवशी हिरवी साडी नेसले, हिरव्या बांगड्या होत्याच. मॅचच्या आधी ताईंनी सासूबाईंना स्काइप लावला. मला नखशिखांत हिरवीगार बघून सासूबाईंचे डोळे भरून आले. "कितवा महिना गं?" असं त्यांनी विचारलं. ताई हसून हसून सोफ्यावरून खाली आल्या. तोवर पुण्यात सासूबाईंनी शेजारच्या काकूंना हाक मारलेलीसुद्धा होती. डोहाळजेवण नाही, मॅच आहे, हे पटवून देईपर्यंत पहिला क्वार्टर संपला.

त्या वर्षी आम्ही हरलो. आणि डब्याची गोष्ट तिथून सुरू झाली.

सासूबाईंचा एक पितळी डबा होता. चांगला जाड, कडीचा, झाकणावर त्यांचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली. त्यातून त्यांनी दिवाळीत ताईंसाठी चिवडा पाठवला होता. मॅच हरून मी निघाले तेव्हा ताईंनी उरलेला चिवडा त्याच डब्यातून माझ्या हातात दिला. "हरलीस, निदान खा तरी." आता दुसऱ्याचा डबा घरी आला, की तो रिकामा परत करायचा नसतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही, ते रक्तातच आहे. मी ठरवलं, असं काहीतरी भरून द्यायचं की ताई गप्प बसतील. मी अनारसे केले.

अनारसा हे काही मनात आलं आणि केलं असं प्रकरण नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग निथळून पंचावर पसरून सावलीत सुकवायचे. सिंगापूरच्या दमट हवेत ते सुकतच नाहीत, पंखा लावून त्यांच्याकडे बघत बसावं लागतं. मग दळायचे, चाळायचे, गूळ मिसळून गोळा करायचा आणि तो चार-पाच दिवस मुरू द्यायचा. आठ-नऊ दिवस गेलेच समजा. शेवटी थापून तुपात सोडायचा, तोही एकाच बाजूने. वरून तूप उडवत राहायचं आणि जाळी पडावी म्हणून देवाचा धावा करायचा. तूप जरा कमी तापलं किंवा पीठ कच्चं राहिलं, की अनारसा कढईत विरघळून जातो. खसखशीवर थापायची पद्धत आहे, पण सिंगापुरात खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, म्हणून आम्ही पांढऱ्या तिळांवर थापतो. सासूबाईंना हे कधीच पटलं नाही. "अनारसा खाऊन झिंगलेलं माणूस मी तरी पाहिलं नाही," असं त्या म्हणायच्या.

तर माझे अनारसे कढईत विरघळले. जे चार वाचले ते मी डब्यात भरून दिले. ताईंनी एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "शेतकी शाळेत हे शिकवलं नाही वाटतं." त्या क्षणापासून नियम झाला. हरणारीने आठ-दहा दिवसांत अनारसे करून द्यायचे, जिंकणारीने डबा वर्षभर आपल्या घरी ठेवायचा. सासूबाईंना आम्ही कळवलं. त्या म्हणाल्या, "नणंद-भावजया भांडतातच. तुम्ही निदान खाण्यावरून भांडताय."

मॅचच्या त्या साडेतीन तासांत मी ताईंना एकेरीत बोलायची. "तू गप्प बस, ताई, तो पाय रेषेच्या बाहेर होता!" एरवी असं बोलायची माझी टाप नव्हती. आणि त्यासुद्धा मला जे एरवी बोलल्या नसत्या, ते सगळं त्या दिवशी बोलून घ्यायच्या. माझा स्वैपाक, माझा आळस, त्यांच्या भावाला मी लावलेली मांसाहाराची सवय. मी त्यांचा कॉन्डो, त्यांचा स्विमिंग पूल, पाहुण्यांसाठी वेगळे ठेवलेले त्यांचे कप काढायची. मॅच संपली की आम्ही एकत्र जेवायचो आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत एकमेकींबद्दल मनात काही शिल्लक राहायचं नाही.

चौथ्या वर्षी ते बिनसलं.

हे समजायला एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. दहा-बारा विद्यापीठं एका गटात राहतात, आपापसात खेळतात आणि टीव्हीवाल्यांशी मिळून बोलणी करतात. आपल्याकडे सोसायटीतल्या बायकांचा भिशीचा गट असतो, जवळपास तसंच. आणि भिशीत जे होतं तेच तिथेही झालं. एका मोठ्या घरच्या बाईंना वाटायला लागलं, की हा गट माझ्यामुळे चालतो. ताईंच्या विद्यापीठाने स्वतःचं टीव्ही चॅनेल काढलं. आमच्यांना ते सहन झालं नाही. आमच्यांनी सामान बांधलं आणि दुसऱ्या, लांबच्या गटात निघून गेले. त्यावर ताईंचे म्हणाले, गेलात तर गेलात, आता आम्हाला तुमच्याशी खेळायला तारीख नाही. आमचे म्हणाले, आम्ही तयार आहोत, तेच घाबरतात. शंभरेक वर्षांची मॅच. एवढ्या मोठ्या माणसांनी ती दोन पत्रकं काढून बंद केली.

बातमी आली त्या रविवारी ताईंचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "पळालात?"

"पळालो नाही, जाचाला कंटाळून घर सोडलं."

"शंभर वर्षं एका ताटात जेवलात आणि एका टीव्ही चॅनेलवरून उठून गेलात?"

"ताटात तुमचाच वाटा मोठा असायचा."

असं आम्ही अर्धा तास बोललो. शेवटी ताई म्हणाल्या, "म्हणजे या नोव्हेंबरनंतर नाहीच?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "आणि डबा?" डबा त्या वर्षी माझ्याकडे होता. आदल्या वर्षी मी जिंकले होते. मी म्हटलं, "शेवटची मॅच जी जिंकेल तिचा. कायमचा." म्हणून तर गेले, पण फोन ठेवल्यावर स्वैपाकघरात जाऊन मी डबा दोनदा पुसला.

शेवटच्या मॅचला सासूबाई सिंगापुरात होत्या. त्या दर वर्षी तीन महिने यायच्या. आधी माझ्याकडे उतरायच्या आणि जमेल तेव्हा ताईंकडे जायच्या. त्या वर्षी मात्र त्या दुसऱ्याच आठवड्यात मरीन परेडला गेल्या, कारण ताईंनी मराठी मालिकांचं चॅनेल घेतलं होतं. मी नवऱ्याला ईमेल केलं, "तुझ्या आईनेसुद्धा कॉन्फरन्स बदलली." त्याला विनोद कळला नाही. त्याने विचारलं, "कसली कॉन्फरन्स? आईला बरं आहे ना?"

मॅचच्या सकाळी सासूबाई मटार सोलत मधल्या खुर्चीवर बसल्या. एका बाजूला मी हिरवी, दुसऱ्या बाजूला ताई जांभळ्या. टीव्हीला जोडलेला लॅपटॉप मधूनमधून अडकायचा. तो अडकला की आम्ही दोघी श्वास रोखायचो आणि सासूबाई मटाराच्या शेंगा मोडायच्या. शेवटच्या दोन मिनिटांना आम्ही पुढे होतो. एका गुणाने. मी ताईंना म्हटलं, "तांदूळ भिजत घाल." मग त्यांची पोरं हळूहळू पुढे सरकत आली. घड्याळात तीन सेकंद उरले आणि किक मारायला त्यांचा एक शिडशिडीत मुलगा मैदानात आला. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला की तीन गुण. लॅपटॉप अडकला. गोल फिरत राहिला. आम्ही तिघी त्या चक्राकडे बघत होतो. ते थांबलं तेव्हा जांभळी पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती.

ताई उठून नाचल्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नाचायच्या थांबल्या. मला रडू आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरखेळ तो, एवढं काय?" मी म्हटलं, किक दोन खांबांच्या मधून गेलीच नव्हती. ती गेली होती. रडण्याचं कारण किक नव्हतं. पुढच्या नोव्हेंबरात इथे यायला मला काही निमित्त असणार नव्हतं, म्हणून मी रडत होते. नवरा समुद्रात, आई पुण्यात, आणि या शहरात मला 'गप्प बस' म्हणणारं एकच माणूस होतं.

मी नऊ दिवस घेऊन अनारसे केले. ते बरे झाले. डब्यात भरून ताईंना नेऊन दिले. ताई म्हणाल्या, "छान झालेत." मी घरी येईपर्यंत त्या शब्दांचा विचार करत होते. अनारशांबद्दल ताईंनी मला छान म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात मी रजा टाकली नाही. शुक्रवारी ऑफिसात मला बघून मॅनेजर दचकला. "फेस्टिव्हल कॅन्सल्ड, मेह?" मी म्हटलं, हो. त्याने मान हलवली. सण रद्द करणारा धर्म त्याने बहुधा पहिल्यांदाच बघितला असावा. दुपारी तो स्वतःच्या पैशाने माझ्यासाठी केक घेऊन आला. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच्याबद्दल माया वाटली.

ताई आणि मी काही भांडलो नाही. तोच तर सगळा घोळ होता. भांडायची जागाच उरली नाही, मग आम्ही एकमेकींशी चांगलं वागायला लागलो. घरमालकाने फ्लॅट विकला म्हणून आम्ही सेंगकांगला गेलो. ताई घर बघायला आल्या. आधीसारखं असतं तर, "हे पडदे आहेत की सर्कशीचा तंबू?" असं त्या दारातूनच ओरडल्या असत्या. त्या म्हणाल्या, "पडदे छान आहेत हो." 'हो' म्हणाल्या! चहा घेताना, "प्लीज, साखर थोडी कमी," असंही म्हणाल्या. जाताना, "लांब पडतं थोडं, पण येत जाऊ," म्हणाल्या. त्यांच्या घरून आमच्याकडे यायचं तर बस, मग एमआरटी म्हणजे मेट्रो, मग ती खेळण्यासारखी छोटी एलआरटी ट्रेन. त्या आल्या नाहीत. मीही गेले नाही. वाढदिवसाला आम्ही एकमेकींना फुलांची चित्रं पाठवायचो, मोबाइलवर. मी ताईंना फुलांचं चित्र पाठवलं, याची मला अजून लाज वाटते.

असं दोन वर्षं चाललं. तिसऱ्या वर्षी सासूबाई आल्या आणि आधी माझ्याकडे उतरल्या, कारण आता मराठी चॅनेल माझ्याकडेही आलं होतं. पहिल्याच रविवारी सकाळी त्या अंघोळ करून बाहेर आल्या, तर मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडत होते.

"पाड त्याला! पाड! असाच मार खा!"

सासूबाई टीव्हीकडे बघत राहिल्या. "ही तर जांभळी पोरं. ही माझ्या लेकीची ना?"

"हो."

"मग तू का बघतेस?"

"हरताना बघायला."

"दर रविवारी?"

खरं म्हणजे तीन वर्षांत जांभळ्यांची एकही मॅच मी सोडली नव्हती. आमच्या हिरव्यांच्या दोन-चार सोडल्या असतील. त्यांचा हरलेला प्रत्येक सामना मला पाठ होता. आणि प्रत्येक वेळी ते हरले, की माझा हात फोनकडे जायचा आणि मग आठवायचं, की आता आम्ही फुलं पाठवतो.

सासूबाई खुर्चीत बसल्या. "गेल्या वर्षी तिच्याकडे होते तेव्हा तीही हेच करायची. दर रविवारी सकाळी उठून तुमच्या त्या हिरव्या पोरांना शिव्या. मी विचारलं, अगं तुझी जांभळी कुठायत? म्हणाली, ती काय, ती आहेतच. मला आपलं वाटलं, कपडे बदलले असतील." मग त्या माझ्याकडे बघून चिडून म्हणाल्या, "दोन घरी एकच तमाशा. एका जागी बसून करत जा ना. मला दोनदा बघायला लागतो."

मी टीव्ही बंद केला. मला हसू येत होतं. 'ती काय, ती आहेतच' हे ताईंचं वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. सासूबाई पुढच्या आठवड्यात ताईंकडे राहायला गेल्या. जाताना मी त्यांना बजावलं, आई, तिकडे काही सांगू नका. त्या म्हणाल्या, "मी कशाला सांगू? मला काय कळतंय त्यातलं?"

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जांभळ्यांची मॅच होती, गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे आमच्या शुक्रवारी सकाळी. समोर भलतंच कुणीतरी विद्यापीठ होतं. मी मॅनेजरकडे रजा मागायला गेले. त्याचा चेहरा उजळला. "फेस्टिव्हल बॅक ऑलरेडी?" त्याला इतका आनंद झाला, की त्याने सोमवारचीही रजा देऊ केली.

मी हिरवी साडी नेसले. बांगड्या भरल्या. एलआरटीत समोरची चिनी आजी माझ्याकडे बघून हसली. मरीन परेडला पोचून ताईंची बेल वाजवली तेव्हा मी तिसऱ्यांदा पदर सारखा करत होते. लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढा केला नव्हता. दार ताईंनी उघडलं. त्या जांभळ्या साडीत होत्या. आम्ही एकमेकींकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आज काय?" ताई म्हणाल्या.

"तुमची मॅच आहे ना. तुम्ही हराल ते बघायला आले."

ताईंनी दार धरूनच ठेवलं. मला वाटलं, आता त्या 'या ना, बसा' म्हणणार. तसं त्या म्हणाल्या असत्या तर मी तिथूनच परत फिरले असते. पण त्या म्हणाल्या, "चपला तिकडे काढ. तुमच्या शेतातली माती आणू नकोस माझ्या घरात."

आत सासूबाई मधल्या खुर्चीवर मटार सोलत बसल्या होत्या.

जांभळे हरले. साधेसुधे हरले नाहीत, धुतले गेले. मी प्रत्येक गुणाला उभी राहून टाळ्या वाजवल्या. "तुझी पोरं पळतात की हळदीकुंकवाला निघालीयत, ताई?" असं मी म्हटलं आणि ताईंनी मटाराचं साल मला फेकून मारलं. "निघ माझ्या घरातून," त्या म्हणाल्या. "आणि भावाला किती वाळवलंयस, ते फोटोत दिसलं मला. आणि ते पडदे. ते पडदे बघून मला तीन दिवस झोप नव्हती." मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?" ताई थांबल्या. "कशावरून बोलू?" त्या म्हणाल्या. "मॅच कुठे होती?" त्यांचे डोळे ओले झाले आणि माझेही. सासूबाई वाटी घेऊन स्वैपाकघरात गेल्या.

जेवून मी निघाले तेव्हा ताईंनी डबा आणून माझ्या हातात ठेवला. तोच पितळी, घासूनपुसून लख्ख. जड लागला.

"आम्ही हरलो ना आज," त्या म्हणाल्या. "ने. पण हा माझा आहे, कायमचा, लक्षात ठेव. परत आणायचा. आणि रिकामा आणलास तर बघ."

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. मी मांडीवर डबा ठेवून झाकण उघडलं. आत अनारसे होते. पिवळसर, कडेने खुसखुशीत, तिळांवर थापलेले, आणि जाळी अशी पडलेली की आरपार बघावं. एक उचलला आणि तो हातातच राहिला. मॅच संपून दोन तास झाले होते. अनारशांना आठ-नऊ दिवस लागतात. मी बोटांवर मागे मोजत गेले. तांदूळ ताईंनी गेल्या आठवड्यातल्या बुधवारी-गुरुवारी कधीतरी भिजत घातले असणार. तेव्हा मी येणार, हे मी त्यांना कळवलं नव्हतं. जांभळे हरणार, हे तर कुणालाच माहीत नव्हतं.

मी अनारसा खाल्ला. इतका चांगला अनारसा मी त्याआधी खाल्ला नव्हता आणि नंतरही नाही. मग हात पुसून मी ताईंना फोन लावला.

"ताई," मी म्हटलं, "जाळी काही पडली नाही हो तुमच्या अनारशांना."

पलीकडून ताई केवढ्यांदा तरी ओरडल्या, "काय? जाळी नाही? डोळे फुटले का तुझे? उतर त्या बसमधून आणि ये परत, दाखवते तुला!"

मी पुढच्या स्टॉपला उतरले.